भोंगा गप्प आहे

२ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या ताईला काही झालेलं नाही. ती आत भांडी आपटते आहे, म्हणजे ठणठणीत आहे. लिहितोय मी, तुझा दाजी.

आजवर मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण तशी वेळच आली नाही. मला जे सांगायचं असे ते मी बोलत असे, आणि भाजीबाजारात मी आमच्या गाळ्यावर बोललो की पलीकडच्या रस्त्यावर भाव कळत. उगाच नाही मला सगळे भोंगा म्हणत. पण सध्या भोंगा बंद आहे. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलायला मनाई केली आहे. कुजबुजायचंही नाही. मी मान हलवून बरं म्हटलं, तर म्हणाल्या, मानही जरा बेतानेच हलवा.

काळजीचं काही नाही. बरेच महिने आवाज घोगरा येत होता, म्हणून त्यांनी दुर्बीण घालून आत पाहिलं आणि एक बारीकसा तुकडा तपासायला काढून घेतला. आता ती जखम भरेपर्यंत तोंड बंद. लिलाव पुकारणाऱ्याचा घसा म्हणजे त्याचं हत्यार, ते कधीतरी धार लावायला द्यावं लागतंच. तुझ्या ताईने मात्र उगाच बाऊ केला आहे आणि मला सारखं कोमट पाणी पाजते आहे.

आता तुला का लिहितोय ते सांगतो. तू शेवटचा आमच्याकडे जेवायला आला होतास तेव्हा, मी जेवणाआधीची प्रार्थना आटोपून डोळे उघडले आणि तू म्हणालास, “दाजी, तुम्ही प्रार्थना करत नाही, तुम्ही लिलाव पुकारता. एकदा गप्प बसून बघा, देव काही बोलतो का ते.” जेवण गार झालं होतं हे मला मान्य आहे. त्या दिवशी मी जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली होती, आणि राज्यकर्ते बरेच आहेत. पण म्हणून ताटावरून उठून जायचं आणि पुन्हा उंबरा शिवायचा नाही, हे काही मोठ्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याला शोभत नाही. चूक तुझी होती. माझं मत बदललेलं नाही.

तरी मी न्यायी माणूस आहे. तू सुचवलेला प्रयोग नाइलाजाने का होईना सुरू झाला आहे, तेव्हा त्याचा अहवाल तुला मिळायला हवा. अहवाल असा: मी गप्प आहे. देव अजून काही बोललेला नाही.

तुझ्या ताईला हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही. तिला वाटायचं, मी घाबरलो.

तुझा,
दाजी


१२ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

तुझं कार्ड मिळालं. “तब्येतीचं नीट लिहा, बाकीचं नको.” एवढंच लिहायला तू सबंध कार्ड वाया घालवलंस. तब्येत बरी आहे. तपासणीचं उत्तर यायचं आहे. आता बाकीचं लिहितो.

आमच्या घरात भोपळे झाले आहेत. झाले म्हणजे उगवले नाहीत, आले. मालकांनी मला सध्या वजनकाट्यावर बसवलं आहे आणि माझ्या जागी शेजारच्या गाळ्यावरचा चिमणा पुकारतो. त्याला चिमणा का म्हणतात हे त्याचा आवाज ऐकल्याशिवाय कळणार नाही. परवा काम हलकं होतं म्हणून मी गिऱ्हाइकांच्या घोळक्यात जाऊन त्याचं पुकारणं ऐकत उभा राहिलो. लाल भोपळ्यांच्या दोन हातगाड्या लागल्या होत्या. माझ्या कानाशी माशी आली. मी हात वर केला. चिमण्याने ती बोली धरली.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला वाटलं, मी भाव पाडतोय, म्हणून त्याने थोडा उतरवला. तेव्हा मी दोन्ही हात हलवले. त्याने दोन्ही गाड्या माझ्या नावावर केल्या आणि एक वार, दोन वार, तीन वार म्हणून मोकळा झाला. तीन वार झालं की सौदा फिरत नाही, हा नियम या बाजारात मीच दामटून चालवला. किती रडणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हा नियम ऐकवला असेल. त्यामुळे मी ताठ मानेने भोपळे उचलले आणि हमालाकडून घरी आणवले.

तुझ्या ताईने दार उघडलं, गाड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एरवी मी तासभर खुलासा केला असता. आता नुसता उभा राहिलो. तिने पदर खोचला. भोपळे पलंगाखाली गेले, कपाटावर गेले, न्हाणीघराच्या दारात गेले.

त्यातच काल बुधवारची प्रार्थनासभा आमच्याकडे होती. तू लहानपणी बसलेला आहेस, तुला पद्धत माहीत आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, हातात हात धरायचे, डोळे मिटायचे आणि एकामागून एक प्रार्थना करायची. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, की पाळी पुढे जाते. तुझी ताई लग्न होऊन आल्यापासून माझा हात दाबत आली आहे. तिने दाबला की मी सुरू. माझ्यानंतर सहसा कोणाची पाळी येतच नाही, कारण तोवर लोकांची घरी जायची वेळ होते.

काल भोपळ्यांमुळे बसायच्या जागा बदलल्या. पाळीत मी आधी आलो, ती माझ्यानंतर. माझ्या अलीकडे शिंपीणबाई होत्या. त्या माझ्यासाठीच प्रार्थना करत होत्या. बाई भली आहे, पण तिला कापड आणि बोलणं दोन्ही सरळ फाडायची सवय आहे. ती म्हणाली, प्रभू, त्या तुकड्यात काही वाईट निघू देऊ नकोस. हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी काढला नव्हता. माझ्याकडून तुझ्या ताईचा हात दाबला गेला. जरा जोरात दाबला गेला, आणि सुटला नाही.

तिला वाटलं, मी तिला सांगतोय, माझ्या जागी तू प्रार्थना कर.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला, तो मी माझ्या एका डोळ्याने पाहिला. ती पुढच्याचा हात दाबेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती म्हणाली, “प्रभू येशू, हे घाबरलेत. मीही घाबरले आहे. यांना सांगता येत नाही, म्हणून मी सांगते.”

बस. एवढंच. मी तुला सांगतो मास्तर, त्या प्रार्थनेला सुरुवात नव्हती, मांडणी नव्हती, एका राज्यकर्त्याचंही नाव नव्हतं. आणि त्यात एक सरळ चुकीची माहिती होती. मी घाबरलेलो नाही.

तुझा,
दाजी


२० फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडून टाक.

तपासणीचं उत्तर अजून आलेलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून सांगितलं की तो तुकडा आणखी एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायला पाठवला आहे. चांगली बातमी असेल तर ती दाखवायला कोणी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवत नाही, एवढं मलाही कळतं. त्या मोठ्या डॉक्टरांचा विचार सारखा येतो. वजनकाट्यावर बसलेलो असताना येतो, दाढी करताना येतो. तुला हे सांगतोय, कारण तू दूर आहेस आणि माझ्यावर रागावलेला आहेस. जवळच्या माणसाला असं लिहिता येत नाही.

आता तुझ्या ताईबद्दल. बुधवारी तिला प्रार्थनेची जी चव लागली आहे, ती काही सुटायचं नाव घेत नाही. जेवणाआधी आता तीच प्रार्थना करते. मोठ्याने. इतकी वर्षं मनात साठलेलं सगळं ती देवाला सांगते आहे, आणि मी समोर हात जोडून, डोळे मिटून, मुका. परवा तिने देवाला सांगितलं की हे ओला टॉवेल पलंगावर टाकतात. काल सांगितलं की हे चहात चोरून साखर घालतात आणि चमचा पुसून ठेवतात. मला वाटायचं, चमच्याचं कोणाला माहीत नाही. मी टेबलावर बोटांनी टकटक केलं, म्हणजे निषेध केला. ती डोळे न उघडता म्हणाली, प्रभू, हे टेबल वाजवताहेत, म्हणजे ते खरं आहे.

भोपळ्यांबद्दल तिने देवाचे आभार मानले. माझ्याबद्दल नाही, भोपळ्यांबद्दल. म्हणाली, यांच्या वेंधळेपणाचा तू उपयोग करून घेतलास. खरोखर तिने चर्चच्या निम्म्या मंडळीला भोपळे वाटले आहेत. पाळकसाहेबांच्या घरी रोज भोपळा शिजतो आहे आणि मागच्या रविवारचं त्यांचं प्रवचन समाधानी राहण्याबद्दल होतं.

पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. आत्ता सुरू केलेली नाही, आत्ता फक्त मला ऐकू येते. “माझा भाऊ वेळेवर जेवू दे, त्याचा खोकला बरा होऊ दे, आणि त्याचा राग जिथे असेल तिथे ठेव, पण त्याला घरी आण.” आई गेल्यावर तिनेच तुला मोठं केलं. लग्न करून आली तेव्हा एका हाताला ट्रंक आणि दुसऱ्या हाताला तू. आम्हाला मूल झालं नाही. तुला हे सगळं माहीत आहे, मी कशाला सांगतोय. पण तू उठून गेल्यापासून तिने माझ्यासमोर तुझं नाव काढलं नाही, आणि मला वाटलं की ती विसरली. बघ मी किती हुशार.

माझी स्वतःची प्रार्थना म्हणशील, तर ती बंद पडली आहे. मनातल्या मनात करून पाहिली. दोन वाक्यं झाली की मन बटाट्यांकडे जातं. तोंडाने म्हणताना शब्द आपोआप पुढचे शब्द ओढून आणायचे, आता ओढायला कोणी नाही. मी आजवर देवाला माहिती पुरवत होतो. ती त्याच्याकडे आधीच होती, असं आता वाटायला लागलंय. मग मी काय करतो तर तिची प्रार्थना चालू असताना नुसता बसतो. तेवढा वेळ मोठ्या डॉक्टरांचा विचार येत नाही. याला विज्ञानात काय म्हणतात ते कळव.

तुझा,
दाजी


३ मार्च

प्रिय मास्तर,

तू यावेळी चांगलं दोन पानी पत्र लिहिलंस आणि स्पष्ट विचारलंस, म्हणून स्पष्ट लिहितो. उत्तर वाईट आलं. कर्करोग आहे.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर घशाचं चित्र काढून समजावलं. गाठ अशा जागी आहे की सबंध स्वरयंत्र काढावं लागेल. ते काढलं तर मी वाचण्याची आशा बरीच आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्या बाई उगाच गोड बोलणाऱ्या नाहीत. पुढे मानेला एक छिद्र राहील, त्यातून श्वास घ्यायचा. काही महिन्यांनी एखादं यंत्र किंवा झडप बसवून थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज माझा नसेल. लिलावाचा तर नाहीच. मालकांनी वजनकाटा माझ्याकडेच ठेवायचं कबूल केलंय. भला माणूस आहे.

बाहेर आल्यावर तुझी ताई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिने माझा हात धरला आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, मोठ्याने प्रार्थना सुरू केली. लोक वळसा घालून जात होते. पहारेकरी तिला उठवायला आला आणि शेजारीच उभा राहिला. ती म्हणाली, “प्रभू, हे मला जिवंत पाहिजेत. आवाज नसला तरी चालेल. खरं सांगायचं तर आवाज नसला तर थोडं बरंच आहे. पण माणूस मला ठेव.”

मी हसलो. बिनआवाजाचा हसलो, पण चांगला खांदे हलेपर्यंत हसलो. तिने डोळे उघडून पाहिलं आणि तीही हसली, आणि मग ती रडली. मी पण. पहारेकऱ्याने आम्हाला पाणी आणून दिलं.

तू मला एकदा विचारलं होतंस की तुमच्या या विश्वासाचा नेमका उपयोग काय. तेव्हा मी तुला लांबलचक उत्तर दिलं होतं. आता तेवढा दम नाही. त्या पायऱ्यांवर मला इतकंच कळलं की आम्ही दोघंच बसलेलो नाही. माझ्या गाठीचा आकार तेवढाच होता, आणि तरी मी उठून घरापर्यंत चालत आलो. वाटेत तिने भाजीही घेतली. भोपळा सोडून सगळी.

शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला आहे. आणि गंमत ऐक. जखम भरली आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बोलायची परवानगी दिली. म्हणाल्या, आता राखून ठेवायचं काय आहे, गुरुवारपर्यंत मनसोक्त बोला. मी म्हटलं, “थँक्यू.” इतक्या दिवसांनी पहिला शब्द हा निघाला. दारूपेक्षा चढला.

ही बातमी तुझ्या ताईकडून शिंपीणबाईकडे आणि तिथून सगळ्या मंडळीत गेली. येत्या रविवारी पाळकसाहेब मला प्रार्थना करायला उभं करणार आहेत. माझ्या आवाजातली शेवटची. मी आत्तापासून तयारीला लागलोय. काही सोडायचं नाही असं ठरवलंय.

तुझा,
दाजी


९ मार्च

प्रिय मास्तर,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. कांद्याचा ट्रक तुझ्या गावाला जातोय, ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो शाळेत आणून देईल. पत्राला कांद्याचा वास आला तर समजून घे. मला तुझ्याकडून एक काम हवं आहे, पण आधी रविवारचं सांगतो, नाहीतर काम कळणार नाही.

चर्च भरलं होतं. माझी प्रार्थना किती लांबेल याचा अंदाज सगळ्यांनी आपापल्या परीने बांधला होता. निवृत्त पोस्टमास्तर पाठीला टेकायला उशी घेऊन आले होते. शिंपीणबाईने पर्समध्ये बिस्किटांचा पुडा आणला होता आणि तो उघडल्याचं ऐकू आलं. घड्याळाकडे बघायला नको म्हणून पाळकसाहेब त्याच्याकडे पाठ करून बसले होते. हे सगळं प्रेमापोटी होतं, मला कळत होतं. इतकी वर्षं ज्यांनी माझ्यामुळे करपलेलं अन्न खाल्लं, ती माणसं आज मुद्दाम गॅस बंद करून आली होती.

मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. “हे सनातन पित्या, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या.” आवाज फाटका होता, पण होता. छताला लागून परत आला. मी तो ऐकला आणि मला इतका आवडला मास्तर, की पुढचं वाक्य मी लांबवलं. मग त्याच्या पुढचं. चौथ्या-पाचव्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की मी देवाशी बोलतच नाही. मी माझ्या आवाजाला निरोप देतोय आणि देवाला शेजारी बसवून ठेवलंय.

मी थांबलो. लोकांना वाटलं, हुंदका आला. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मी खाली बसलो आणि तुझ्या ताईला म्हणालो, “तू कर.”

ती म्हणाली, इथे? सगळ्यांसमोर? मी म्हणालो, तो ओळखीचाच आहे. मग ती उठली. साडीचा पदर दोन वेळा नीट केला आणि स्वयंपाकघरात बोलते तशी बोलली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा हात स्थिर राहू दे म्हणाली. त्यांची झोप आदल्या दिवशी नीट होऊ दे म्हणाली. जे भोपळा खाऊन कंटाळलेत त्यांना क्षमा कर म्हणाली, तेव्हा मिटल्या डोळ्यांनी सगळं चर्च हसलं. आणि माझ्यासाठी म्हणून ती म्हणाली, “यांनी इतकी वर्षं आमच्या सगळ्यांसाठी मागितलं. आज आम्ही यांच्यासाठी मागतो.”

मग ती थांबली. आता कोणीतरी आमेन म्हणायला हवं होतं. सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी आमेन म्हणालो. छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज लावून म्हणालो. तुळईवरची कबुतरं उडाली, पोस्टमास्तरांची उशी पडली, बाहेरच्या रस्त्यावर कुत्रं भुंकायला लागलं. एवढा मोठा आवाज मी लिलावातही कधी लावला नव्हता.

आता काम. गुरुवारी सकाळी मला आत नेतील. बरेच तास लागणार आहेत. तुझी ताई बाहेर बाकावर बसेल आणि प्रार्थना करेल, मोठ्याने, तिला आता कोणी थांबवू शकत नाही. पाळकसाहेब येतील, मंडळीही येईल, पण ती सगळी येऊन-जाऊन. दिवसभर बसणारं घरचं माणूस कोणी नाही. तू येऊन बस.

देवावर विश्वास ठेव असं मी सांगत नाही. वाद घालायला आता वेळ नाही. पण तिची प्रार्थना संपली की कोणीतरी आमेन म्हणावं लागतं, नाहीतर ती प्रार्थना बाकावर तशीच पडून राहिल्यासारखी वाटते. ते माझं काम आहे, आणि मी आत असेन. आणि बाहेर आल्यावर मला म्हणता येणार नाही.

तुझा,
दाजी


२९ मार्च

प्रिय मास्तर,

घरी आलो. मानेला नळी आहे. शिंकलो की नळीतून शिंक निघते आणि आलं-गेलेलं कोणी “बरं होवो” म्हणायच्या आत आम्ही दोघं हसतो. मी हसतो म्हणजे फुसफुसतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ सगळी निघाली आहे. सूप पितोय. कशाचं ते विचारू नकोस.

तू सुट्टी संपवून परत गेल्यावर तुझ्या ताईने मला बाकावरचं सगळं सविस्तर सांगितलं. तू असताना सांगितलं नाही, तुला लाज वाटेल म्हणून. ती म्हणते, पहिल्या प्रार्थनेत तू मधूनमधून आमेन म्हणत होतास. तिला भरून यायचं, शब्द अडायचा, ती थांबायची, आणि तू घाईने आमेन म्हणायचास. तुला कळेना संपलं कुठे. असं बऱ्याचदा झाल्यावर तिने डोळे उघडून तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, “अरे, अजून संपलेलं नाही.” तू म्हणालास, “ताई, चुकून राहून जायला नको म्हणून म्हटलं. दाजींनी सांगितलंय.” मग म्हणे तुम्ही दोघं इतके हसलात की परिचारिका बाहेर आली आणि तिने तुम्हाला दटावलं. मी आत गळा कापून घेत होतो आणि बाहेर हे चाललं होतं. बरं वाटलं ऐकून.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. मी सांगितलं, तू केलंस. वडील माणसाचा मान राखलास. पण त्यानंतरचं मला कोणी सांगायला नको, ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते तुला लिहून ठेवायलाच हवं.

शुक्रवारी मला जराशी शुद्ध होती. तुझी ताई खाटेशेजारी बसून प्रार्थना करत होती. तू खिडकीशी पाठमोरा उभा होतास, हातात तुझ्या मुलांच्या उत्तरपत्रिका. तिचं बोलून झालं आणि ती थांबली. यावेळी खरोखर संपलं होतं. मी सवयीने तोंड उघडलं. ओठ हलले, आणि काही आलं नाही. काही येणार नाही हे मला आधी माहीत होतं, मी स्वतः सही करून दिली होती. तरी त्या क्षणी जे वाटलं ते मला सांगता येत नाही. ताईने आमेनची वाट बघत डोळे मिटलेलेच ठेवले होते.

तू वळलास. माझ्या तोंडाकडे पाहिलंस, आणि म्हणालास.

मी तुला गुरुवारपुरतंच सांगितलं होतं, मास्तर. शुक्रवारचं तुला कोणी सांगितलं नव्हतं.

तुझा,
दाजी